शिडाच्या जहाजावरचे किल्लेदार

परदेशातला कुठलाही तट दिसला की ज्यांना कोकणातला जलदुर्ग आठवतो, अशा निवृत्त मराठी प्रवाशांना सोयीसाठी किल्लेदार म्हणावे. किल्लेदार बहुधा सार्वजनिक बांधकाम खात्यातून नाहीतर पाटबंधाऱ्यातून कार्यकारी अभियंता होऊन निवृत्त झालेले असतात. रायगड त्यांना रोपवेच्या आधीपासून पाठ असतो. परदेशवारीचे तिकीट मुलगी-जावई काढून देतात. स्वतःच्या खिशातून असला खर्च करण्याचा त्यांचा स्वभाव नसतो. दहा-बारा मजली क्रूझवर किल्लेदार कोमेजतात, कारण तिथे समुद्र ही खिडकीबाहेरची शोभा असते. खरे खुलतात ते शिडाच्या जहाजावर.

भूमध्य समुद्रात फिरणारे ‘रॉयल क्लिपर’ हे या दृष्टीने उत्तम निरीक्षणस्थळ आहे. २००० साली सेवेत आलेले हे जहाज १३४ मीटर लांब असून त्याला पाच डोलकाठ्या आणि ४२ शिडे आहेत. १९०२ च्या ‘प्रॉयसेन’ या जर्मन मालवाहू जहाजावरून त्याची कल्पना घेतलेली आहे. ही सगळी माहिती किल्लेदार पुण्याहून निघतानाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणतात. त्याच फोल्डरमध्ये प्रवासविमा, मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि सिंधुदुर्गाचा नकाशा असतो. माल्टाच्या सहलीत सिंधुदुर्गाचा नकाशा कशाला, असे काकू निघताना एकदाच विचारतात. उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ त्यांच्याकडे नसतो.

दिवस उजाडतो तो डेकवर. चहाचे पाकीट स्वतःचे, गरम पाणी जहाजाचे. सकाळी कप्तान प्रवाशांना जमवून वारा, शिडे आणि पुढचे बंदर यांबद्दल बोलतो. किल्लेदार पहिल्या रांगेत बसतात आणि शेवटी प्रश्न विचारतात. हा प्रश्न चार-पाच मिनिटे चालतो आणि त्यात प्रश्नचिन्ह कुठेच येत नाही. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात गुराब हे मोठे जहाज होते, गलबत त्याहून लहान आणि वल्ह्यांवरही चालणारे. वारा पडला की गलबते गुराबेला ओढून नेत आणि गुराबेच्या नाळेवरच्या तोफा शत्रूवर रोखल्या जात, हे सगळे कप्तानाला सांगितले जाते. तो मनापासून ऐकतो. शिडाच्या जहाजावर नोकरी धरणारा माणूसही मुळात त्याच वेडाचा असतो. पुढे तो सांगतो की इथली चौकोनी शिडे विजेच्या मोटरने आडव्या काठीत गुंडाळली जातात. किल्लेदारांचा चेहरा उतरतो. वीस खलाशी दोरावर लटकलेले पाहायला ते एवढ्या लांब आलेले असतात.

जहाजावर प्रवाशांना पट्टा बांधून डोलकाठीवर चढू देतात. किल्लेदार नाव नोंदवायला जातात तोच मागून आवाज येतो, “अहो, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं नाही अजून.” मग तह होतो आणि किल्लेदार नाळेपुढच्या जाळ्यात उतरतात. हे जाळे थेट पाण्यावर ताणलेले असते. पालथे पडले की खाली फेस उसळताना दिसतो आणि मागून अख्खे जहाज अंगावर येते आहे असे वाटते. चष्म्याला दोरी बांधलेली, टोपी दातांत धरलेली, अशा अवस्थेत ते दहा मिनिटे एक शब्द बोलत नाहीत. दिवसभरातली ही एवढीच दहा मिनिटे. पुढचा प्रश्न उठण्याचा असतो. जाळ्यात टेकायला काही नसल्याने दोन खलाशी लागतात. त्यांतला एक भारतीय निघाला तर उठता उठताच त्याचे गाव विचारून होते.

माल्टातल्या व्हॅलेटाच्या ग्रँड हार्बरमध्ये शिरताना किल्लेदारांना आवरणे कठीण होते. उजव्या हाताला सेंट एल्मो, डावीकडे रिकासोली, आत गेले की सेंट अँजेलो. पाण्यातून सरळ वर आलेले मधाच्या रंगाचे तट. १५६५ साली सुलतान सुलेमानच्या तुर्की फौजेने या बेटाला वेढा घातला. एकटा सेंट एल्मो सुमारे महिनाभर लढून पडला, पण तेवढ्या वेळात बाकीचे किल्ले सावरले आणि सप्टेंबरात तुर्क परत गेले. त्याच वर्षी जानेवारीत तालिकोटची लढाई होऊन विजयनगर बुडाले, ही जोड किल्लेदार लगेच लावून देतात. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे त्यांना ठाऊक असते. साल एक असले की त्यांना पुरते. शेजारी उभ्या असलेल्या बेल्जियन दांपत्याला मग जंजिरा ऐकावा लागतो: तो कधीच जिंकता आला नाही, आणि १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी समुद्रात भराव टाकून तिथवर वाट काढायचे काम हाती घेतले होते. इथे त्यांच्यातला अभियंता जागा होतो आणि भरावाला किती दगड लागला असेल याचा हिशेब इंग्रजीत सुरू होतो.

गावात पोचल्यावर पहिली परीक्षा दगडाची. माल्टाचा चुनखडक खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवा लागली की त्याचा पृष्ठभाग घट्ट होतो. आपला जांभाही तसाच. हे साम्य खरे आहे, आणि ते वाटाड्याच्या आधी किल्लेदारांच्या लक्षात येते, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. ते छत्रीच्या टोकाने सांधा टोकरून पाहतात. पहारेकरी येतो. छत्री काकूंकडे जाते.

५८ मीटर उंचीच्या लिफ्टने अप्पर बराक्का बागेत पोचले की दुपारी बाराला खालच्या सज्जावरून तोफ उडते. सगळे मोबाइल वर करतात, किल्लेदार मनगटावरचे घड्याळ लावतात. वेढ्यानंतर १५६६ मध्ये वसवलेल्या या शहराची आखणी फ्रांचेस्को लापारेल्ली या इटालियन अभियंत्याची. रस्ते सरळ, काटकोनात, समुद्राचा वारा आत येईल असे. प्रत्येक घराला पावसाचे पाणी साठवायला टाके सक्तीचे. टाक्यांचा विषय निघाल्यावर सिंधुदुर्गाचा नकाशा अखेर बाहेर येतो आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी वाटाड्याला बोटाने दाखवल्या जातात. खाऱ्या समुद्रात राहायचे तर पाण्याची सोय तटाआधी करावी लागते, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. वाटाड्या तो वहीत टिपून घेतो. पुढच्या गटाला तो त्याचाच म्हणून ऐकवला जाईल.

सेंट जॉनच्या कॅथेड्रलमध्ये मात्र किल्लेदारांची बॅटरी संपते. तिथे तट नाही, बुरूज नाही, जंग्या नाहीत. आहे ती जमीनभर पसरलेली, सरदारांच्या थडग्यांवरची रंगीत संगमरवरी फरशी आणि काराव्हाज्जोने १६०८ साली काढलेले संत जॉनच्या शिरच्छेदाचे भव्य चित्र. त्याने सही केलेले हे एकमेव चित्र, आणि सही रक्ताच्या थारोळ्यात. किल्लेदार बाकावर बसून पाय चोळतात. काकू चित्रापुढे अर्धा तास उभ्या राहतात. तुरुंगाच्या खिडकीतून वाकून पाहणारे दोन कैदी त्यांना दिसतात. पुस्तिकेच्या छोट्या फोटोत ते काळोखात हरवलेले असतात. बाहेर आल्यावर त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून मटारची पेस्टिझी घेतात. ही जवळजवळ आपली करंजीच, फक्त पापुद्रे जास्त. किल्लेदार दोन खातात आणि साखर वाढली तर दोष तोफेला देतात.

संध्याकाळी जहाज निघते. ध्वनिक्षेपकावर संगीत लागते, एकामागून एक शिडे सुटतात, बंदरकाठचे लोक हात हलवतात. मोटर असो वा खलाशी, शिडात वारा भरला की किल्लेदारांची सगळी तक्रार मिटते. जेवणाच्या टेबलावर बेल्जियन दांपत्य त्यांच्यापासून दूरची जागा धरते, पण दुसऱ्या दिवशी नाश्त्याला येऊन सिंधुदुर्गाला कसे जायचे हे विचारते. उत्तरात मालवणपर्यंतची वाट, होडीची वेळ आणि जेवायची खाणावळ सगळे येते.

एखाद्या जलप्रवासात असे किल्लेदार शेजारच्या केबिनमध्ये आलेच, तर कप्तानाच्या व्याख्यानाला त्यांच्याशेजारी बसावे, तटबंदी त्यांच्याबरोबर पाहावी, आणि चर्चमध्ये शिरताना काकूंच्या मागे जावे.