फॉल की स्प्रिंग?

अमेरिकेत एमएस करायचं तर फॉल बरा की स्प्रिंग, यावर घरोघरी खल चालतो. फॉल म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर: विषय जास्त, शिष्यवृत्त्या जास्त, शिवाय पुढच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी हाताशी वेळ. जानेवारीच्या स्प्रिंगला बरेच विभाग दारच उघडत नाहीत. कन्सल्टंटच्या मते मात्र, तुम्ही फी भराल त्यानंतर येणारा इनटेक सर्वोत्तम. आजी म्हणते, अमावास्या तेवढी टाळा.

खरा निर्णय विद्यापीठ घेतं, तेही इथलं. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका घाईघाईने संगणकावर तपासायला काढल्या. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, काही निकाल सप्टेंबरात लागले. तिकडचे वर्ग तोवर सुरू झाले होते.