वरून कोथिंबीर

मेथी कशी धुवावी यावर आमच्या मावशीपुढे कुणाचं काही चालत नाही. जुडी सोडून निवडायची, मोठ्या पातेल्यात बुडवायची, माती खाली बसू द्यायची आणि भाजी वरच्या वर हाताने उपसून घ्यायची. पातेलंच चाळणीत उपडं केलं तर तळाची माती पुन्हा भाजीच्याच डोक्यावर, हे तिने प्रत्येक सुनेला एकदा सांगितलंय आणि मला दर आठवड्याला सांगते. अशी तीन पाणी. तिसऱ्यातही तळाशी कचकच लागली तर चौथं. एवढं सगळं करून ती मेथी जाते कुठे, तर कढईत, लसणाच्या फोडणीवर, जिथे जंतू जगायची सोय नाही.

भाजी झाली की वरून कोथिंबीर. हिला मात्र नळाखाली धरून दोनदा झटकलं की झालं. काकडीचं तर त्याहून सोपं, पदराला पुसायची. "साल काढायचंच आहे ना!" पण सुरी सालावरूनच आत जाते आणि सालावरचं जे काही असेल ते गरापर्यंत पोचवते. म्हणजे जी शिजणार तिला अभ्यंगस्नान आणि जी कच्ची पोटात जाणार तिच्यावर नुसतं प्रोक्षण!

बरं, प्रोक्षण बाजारातही झालेलं असतंच. भाजीवाला डब्यातलं पाणी जुड्यांवर शिंपडत असतो. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, त्यात या डब्यातलं पाणीही धरावं. मुंबईच्या लोकलमधून रुळांच्या कडेला पालक-माठाचे हिरवेगार वाफे दिसले, तरी त्यांना कुठलं पाणी मिळतं हे न विचारता मी डोळे मिटून जप करतो.

हे आपल्याकडेच चालतं असंही नाही. 2011 साली जर्मनीत, म्हणजे शिस्तीच्या माहेरघरात, ई. कोलायची साथ आली. हजारो आजारी, पन्नासहून अधिक मृत्यू. आळ आधी आला स्पेनच्या काकडीवर. तिकडच्या शेतकऱ्यांचा माल पडून सडला आणि मग कळलं की काकडी निर्दोष होती. चोर सोडून संन्याशाला सुळी! तपास शेवटी जाऊन पोचला मोड आलेल्या मेथीपाशी. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते आणि बियांच्या खाचेत बसलेला जंतू धुऊनही जात नाही. आपली मटकी उसळ होऊन ताटात येते, त्यामुळे तिची काळजी नाही. पण आमचा भाचा जिमला जायला लागल्यापासून वाटीभर मोड कच्चेच चावतो. मावशी ते गुपचूप वाफवते आणि तो "प्रोटीन गेलं" म्हणून दिवसभर सुतकात असतो.

हॉटेलात गेल्यावर आपली अक्कल आणखीच तेज होते. साधं पाणी नको, सीलबंद बाटली आणा! बाटलीचं सील फिरवून तपासायचं आणि मग त्याच नळाच्या पाण्यात बुचकळलेल्या काकडी-टोमॅटोवर चाट मसाला टाकून ताव मारायचा. त्या चकत्या कधी कापल्या, कोणत्या फळीवर कापल्या, त्याआधी फळीवर कोण पहुडलं होतं, कोंबडी की पनीर, हे बल्लवाचार्यच जाणे. पुसायचं फडकं तर एकच: टेबल, ताट, हात आणि मधूनच कपाळ.

परवा मावशीला जेवायला बाहेर नेलं. ग्रीन सॅलड आलं. तिने वेटरला थांबवलं.

"काय रे, हे धुतलंय का?"

"एकदम फ्रेश आहे आजी."

"फ्रेश नाही विचारलं. धुतलंय का?"

तो क्षणभर घुटमळला, प्लेट उचलून आत गेला आणि दोन मिनिटांत हसतमुखाने परत आला. चकत्यांवरून पाणी निथळत होतं, टोमॅटोच्या बिया वाहून गेल्या होत्या आणि मधोमध लिंबाची फोडही धुतलेली होती.

"घ्या आजी, धुऊन आणलं," तो म्हणाला आणि खांद्यावरच्या फडक्याने प्लेटची कड पुसून दिली.