शब्दांची सराफी

अरबी शिकायला बसलं की लिपीपेक्षा शब्दकोशच जास्त छळतो. 'मकतब' म्हणजे कचेरी, म्हणून 'म'मध्ये शोधायला जावं तर पत्ताच नाही. स्वारी मुक्कामाला असते क-त-ब या तीन व्यंजनांच्या घरी. सोबत किताब, कातिब म्हणजे लिहिणारा, मकतूब म्हणजे लिहिलेलं, अशी सगळी भावंडं. 'इत्तेफाक' तर चक्क व-फ-कच्या घरी राहतो, कारण त्यातल्या 'व'चा 'त' झालेला असतो. शब्दाचं कूळ आधीच ठाऊक असेल तर शब्दकोश हवा कशाला, असं मी मास्तरांना विचारलं. त्यांनी न बोलता पुढचा धडा काढला.

पुढचा धडा 'वजना'चा. तीन व्यंजनं हा नुसता कच्चा माल. त्यांत कुठे कोणता स्वर घालायचा, कोणतं अक्षर दुप्पट करायचं, मागेपुढे काय जोडायचं, हे ठरवणाऱ्या साच्याला अरबी वैयाकरण वजनच म्हणतात. माप म्हणून त्यांनी 'करणे' या अर्थाचा फ-अ-ल हा धातू ठरवून टाकलाय. त्यातला 'अ' तेवढा घशातून काढायचा. करणारा तो 'फाइल', ज्याच्यावर क्रिया होते तो 'मफऊल'. जुलूम करणारा जालीम, सोसणारा मजलूम. हे मला एका झटक्यात कळलं. आपल्याही सरकारी कचेरीत जे काय करते ते फाइलच करते. आपण जन्माचे मफऊल.

मधलं व्यंजन दुप्पट करून पुढे 'आ' ओढला की धंदा उभा राहतो. हम्माल, दल्लाल, सर्राफ, अत्तार, बज्जाज, हज्जाम, जल्लाद, सगळे एकाच वजनाचे. मराठीने यातल्या बऱ्याच जणांची जोडाक्षरं उतरवून ठेवली आणि माणसं कामाला लावली. अरबांनी पुढे त्याच वजनाला स्त्रीलिंगी शेपूट जोडून यंत्रांची नावं पाडली. कपडे धुणारी ती गस्साला, उडणारी ती तय्यारा, आणि फ्रीज म्हणजे बर्फवाली थल्लाजा. घरातली कामं बाईच्या नावावर चढवायची रीत तिकडेही आहे म्हणायची.

अनेकवचनाची तर वेगळीच तऱ्हा. कित्येकदा शेवटी प्रत्यय न लावता शब्द आतूनच मोडून पुन्हा बांधतात. परक्या शब्दांचीही सुटका नाही. बँकेचं 'बुनूक' होतं, फिल्मचं 'अफलाम'. आपला 'अहवाल' हे 'हाल'चंच अनेकवचन. एकट्यादुकट्याचे ते हाल, पुष्कळांचे झाले की अहवाल! चौकशी समित्यांचं अरबी पक्कं असणार. 'अफवा'चा मूळ अर्थ 'तोंडं'. एका तोंडाने अफवा होतच नाही, हे व्याकरणानेच सांगून ठेवलंय.

ही मंडळी बहुतेक फारसीचा हात धरून आपल्याकडे आली, आणि इथे एकमेकांना ओळख न देता राहिली. मजबूत आणि जप्त सख्खी भावंडं आहेत, हे कर्जाचे हप्ते थकल्याशिवाय लक्षात येत नाही. क-ब-लचं घराणं तर अख्खा संसारच आहे. 'कबूल' म्हटलं की 'कबिला' येतो, आणि कबिला आला की 'मुकाबला'. हा शोध मी मोठ्या उत्साहाने बायकोला ऐकवला.

"आणखी कोण आहे त्या घरात?" तिने विचारलं.

"काबील. म्हणजे लायक."

"तो आपल्याकडे नाही आला," ती म्हणाली.

या सगळ्या उलाढालीच्या शास्त्राचं नाव 'सर्फ'. धातू स-र-फ, म्हणजे फिरवणं, बदलणं. त्याच धातूचा सर्राफ, नाणी बदलून देणारा. म्हणजे वैयाकरण आणि सराफ एका कुळातले, दोघांच्याही हातात वजनं! पाटल्या करायला गेलो तेव्हा हे सारं मी आमच्या सराफांना रंगवून सांगितलं. त्यांनी मान डोलवत ऐकलं, "वा, वा" म्हणाले, आणि घडणावळ पै न सोडता लावली.