देव खाली, आपण वर

माझा मेहुणा नितीन याने 2009 साली हिमालयात एक ट्रेक केला. त्या आठ दिवसांवर तो आजवर जगतो आहे. आमच्याकडे कुणी पंखा तीनवर केला तरी त्याला वरची कुठली तरी रात्र आठवते. त्यामुळे जानेवारीतल्या एका रविवारी, ठाण्याच्या आमच्या घरी मटारउसळ खाताना तो "यंदा मार्चमध्ये सगळे मिळून बर्फात तंबू ठोकून राहू" असं म्हणाला, तेव्हा कुणी मान वर केली नाही. मान वर केली ती आईने. आई बहात्तर वर्षांची आहे. ती म्हणाली, "मीही येते." नितीनची पंचाईत इथून सुरू झाली.

जागा त्यानेच काढली. उत्तराखंडातलं चोपता. उंची साधारण 2700 मीटर, गाडी अगदी तिथपर्यंत जाते आणि तिथून वर चालत गेलं की तुंगनाथ, पंचकेदारांतलं सर्वांत उंचावरचं देऊळ. आईने विचारलं, "दर्शन होईल ना?" नितीन पाणी प्यायला. मग म्हणाला की हिवाळ्यात कपाट बंद असतं. तुंगनाथाची डोली खाली मक्कूमठला येते, केदारनाथ नि मध्यमहेश्वर ऊखीमठला उतरतात, आणि साधारण वैशाखात सगळे वाजतगाजत परत वर जातात.

"म्हणजे," आई म्हणाली, "थंडी सोसवेना म्हणून देव खाली आलेले, आणि नेमके तेव्हाच आपण वर चाललोय."

त्या बैठकीत यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तारखा ठरवणं हे हिमालय चढण्यापेक्षा अवघड आहे, हे माझं ठाम मत. नितीनची मुलगी सीबीएसईची. तिची परीक्षा संपून एक एप्रिलला नवा वर्ग सुरू होणार. आमचा ओम राज्य मंडळाचा, त्याची परीक्षा एप्रिलमध्ये. म्हणजे एक मूल सुटलेलं आणि दुसरं अडकलेलं. दोघंही एकाच वेळी मोकळी व्हायची तर मे उजाडणार आणि तोवर बर्फ वितळणार. शेवटी ओमने आठवडाभर शाळा बुडवायची असं ठरलं. चिठ्ठीत ताप लिहावा असं बायकोचं म्हणणं. आईला खोटं चालेना. "भूगोलाच्या अभ्यासासाठी" असं लिहिलं गेलं. पाडव्याची गुढी उतरवल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही आईची आणखी एक अट होती. ती मात्र सगळ्यांनी निमूट मान्य केली.

मग थंडीचा प्रश्न आला. आमच्या घराण्यात थंडीचं शेवटचं टोक म्हणजे महाबळेश्वर. वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची बातमी वर्तमानपत्रात आली की आम्ही ठाण्यात स्वेटर काढतो. तेव्हा "तिथे किती असेल?" याचा अंदाज कुणालाच येईना. ओमने वही घेतली. हजार मीटर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. ठाण्यात 34, तिथे 2700 मीटर, म्हणजे उत्तर आलं सोळा-सतरा. "मग महाबळेश्वरच की!" म्हणत बायकोने दोन शाली बॅगेतून काढूनही टाकल्या. त्याने गणित ठाण्याच्या दुपारी एकपासून सुरू केलं होतं आणि आम्ही झोपणार होतो तिथल्या रात्री, हे दोन दिवसांनी लक्षात आलं. शाली परत आत गेल्या.

स्लीपिंग बॅगा घ्यायला आम्ही सहकुटुंब गेलो. दुकानातला मुलगा म्हणाला, "मायनस दहा, काका, डोळे मिटून घ्या." आईने डोळे उघडे ठेवून चिठ्ठी वाचली. तिथे आकडे तीन होते. आरामात झोप लागेल ते तापमान अधिक पाच, जेमतेम निभेल ते शून्याच्या आसपास, आणि उणे दहा होतं ते सर्वांत शेवटी.

"उणे दहाला यात शिरलं तर काय होतं?"

"माणूस जगतो, आजी."

"आणि झोप?"

झोपेबद्दल त्या आकड्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं. आईने बॅग खाली ठेवली आणि घरची गोधडी न्यायचं जाहीर केलं. नितीन कळवळला. गोधडीचं वजन साडेतीन किलो! पण इथे शास्त्र आईच्या बाजूने होतं. तंबूत खरी थंडी जमिनीतून येते. अंगाखाली चेपलेल्या बॅगेतली हवा निघून जाते आणि ऊब उरत नाही, म्हणून खाली काहीतरी जाड लागतंच. फोमच्या पट्ट्या त्यासाठीच विकतात. आईचं म्हणणं, माझ्या आईच्या नऊ लुगड्यांची पट्टी माझ्याकडे आहे, मी विकत का घेऊ?

विमानात पंधरा किलोंची मर्यादा, म्हणून प्रवास रेल्वेने ठरला. लगेच सामानाला पंख फुटले. दोन किलो थालीपिठाची भाजणी, दोन किलो तांदूळ, पोहे, मेतकूट, आणि तीन लिटरचा कुकर. नितीन कुकरला हसला. त्याच्याकडे मुठीत मावणारा स्टोव्ह होता, तळहाताएवढं पातेलं होतं. पण उंचीवर हवेचा दाब कमी, तिथे पाणी 91 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं आणि उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास नुसती पोहते. ओमने हे पुस्तकातून वाचून दाखवलं. कुकर एकमताने निवडून आला. नितीनच्या स्टोव्हचं गॅसचं डबडं मात्र घरीच राहिलं, कारण रेल्वेत असलं काही नेता येत नाही. ऋषिकेशला नवं घेऊ म्हणाला.

फेब्रुवारीच्या अखेरीस गच्चीवर रंगीत तालीम झाली. रात्री नऊ वाजता, अठ्ठावीस अंशांत. तंबू चार माणसांचा होता, म्हणजे एकमेकांवर रुसलेली नसतील अशी चार माणसं, आणि सामान बाहेर. गच्चीच्या काँक्रीटमध्ये पेग जाईनात. मग एक दोरी पाण्याच्या टाकीला, दुसरी डिश अँटेनाला आणि तिसरी शेजारच्या काकूंच्या कुरडयांच्या बाजेला बांधली. सोसायटीचे सेक्रेटरी वर आले, बाजेकडे पाहिलं, तंबूकडे पाहिलं आणि "किती दिवस?" एवढंच विचारून खाली गेले. अकरापर्यंत आम्ही आत घामाघूम बसलो. डास आमच्यासोबत आत आले होते. तालीम यशस्वी झाल्याचं नितीनने ग्रुपवर कळवलं.

हरिद्वारपासून चोपत्याच्या वाटेवर देवप्रयाग आलं, रुद्रप्रयाग आलं, आणि आमच्या गाडीतल्या प्रत्येकाच्या पोटातलं काही ना काही वर आलं. त्या घाटांबद्दल मी एवढंच लिहीन. ऊखीमठला आईने उतरून देवांची चौकशी केली आणि ते तिथे सुखरूप असल्याचं बघून घेतलं. पुढे बुरांशची झाडं लागली, लाल फुलांनी नुसती लदबदलेली. पंचांगातला वसंत इथे खराच होता. फक्त त्याच्या पायाशी बर्फ होता.

मुक्काम अलीकडे बनियाकुंडला, तंबूवाल्यांच्या आवारात. चोपता अभयारण्यात येतं, तिथे वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. दोन दिवसांपूर्वी पडलेला बर्फ झाडांच्या सावलीत हातभर साठला होता, आणि नितीनला तंबू बर्फातच हवा होता. पेग भसकन आत गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी वारा सुटला आणि ते तितक्याच सहज बाहेर आले.

उपाय ओमला माहीत होता. मऊ बर्फात पेग धरत नाहीत. तिथे पिशवी भरून आडवी पुरायची, तिला दोरी बांधायची, वरून बर्फ तुडवायचा, आणि तो घट्ट झाला की हत्तीही ओढू शकत नाही. पिशव्या कशाच्या? सगळ्यांनी आईच्या सामानाकडे पाहिलं.

"भाजणी पुरायची?"

आई दोन मिनिटं गप्प होती. मग तिने स्वतः पिशवीला आणखी एक प्लास्टिक घातलं आणि गाठ मारून दिली. वाऱ्याच्या बाजूच्या दोन कोपऱ्यांना भाजणी आणि तांदूळ, मागच्या दोन्हींना नुसत्या बर्फाच्या थैल्या. तंबू हलला नाही.

आतली रात्र लांब होती. श्वासाची वाफ कापडावर जमून थेंब थेंब नाकावर पडत होती, पहाटे त्याचा भुगा झाला. नितीनने ऋषिकेशला घेतलेलं डबडं नुसत्या ब्यूटेनचं निघालं. शून्याच्या खाली त्याची वाफच होईना, तेव्हा चहासुद्धा शेजारच्या तंबूवाल्याच्या चुलीवर झाला. रात्री दोनच्या सुमाराला नितीनचा आवाज आला, "मावशी, गोधडीचं एक टोक मिळेल का?"

सकाळी चौखंबा पर्वत सोन्यासारखा झाला होता. तो सगळ्यांनी फार तर पाच मिनिटं पाहिला, कारण बर्फ रात्रीत दगड झाला होता आणि भाजणी त्याच्या आत होती. उलथन्याने उकरायला पाऊण तास लागला. थालीपिठं तंबूवाल्याच्या चुलीवर झाली, एकूण चौदा. त्यातली पाच तंबूवाल्याने खाल्ली.