प्रयोजन पाहिजे

माझ्या भाच्याने नोकरी सोडायचं ठरवलं आहे. पगार चांगला, साहेब बरा, कँटीनचा चहासुद्धा पिण्यासारखा. पण या नोकरीत त्याला आयुष्याचं प्रयोजन दिसत नाही म्हणे. "मावशी, तुझं प्रयोजन काय गं?" त्याने विचारलं. मी बँकेत कर्जविभागात बसते. तिथे लोक कर्ज कशासाठी हवं ते लिहून देतात. आयुष्य कशासाठी हवं ते अजून कुणी दिलेलं नाही, आणि आम्हीही मागितलेलं नाही.

खरं तर आपल्याकडे हा शोध फार लवकर सुरू होतो. उष्टावणाला बाळापुढे पुस्तक, पेन, पैसे, दागिना मांडतात. बाळ ज्याला हात घालेल ते त्याचं भवितव्य. या पठ्ठ्याने सगळं ओलांडून खिरीच्या वाटीत हात घातला होता. "डॉक्टर होणार!" असा अर्थ आमच्या ताईने त्यातूनही काढला. पुढे 2016 साली राज्यात दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू झाली, त्यात हा सापडला. चाचणीने कल सांगितला, गणवेशधारी सेवा. ताईने त्याला इंजिनिअर केलं. आता गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असतं, तेवढाच गणवेश.

परवा तो चार वर्तुळं काढून घेऊन आला. काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवं आणि पैसे कशाचे मिळतात. चारही जिथे एकमेकांत शिरतात, तिथे 'इकिगाई'. "जपानी लोक शंभर वर्षं जगतात ते यामुळे," तो म्हणाला. मी जरा खोदून पाहिलं. इकिगाई जपानी खरं, पण ती वर्तुळं जपानी नाहीत. आंद्रेस झुझुनागा नावाच्या स्पॅनिश गृहस्थांची ती आकृती. 2014 साली मार्क विन या ब्रिटिश माणसाने मधलं 'प्रयोजन' खोडून तिथे 'इकिगाई' लिहिलं. आणि हे झुझुनागा व्यवसायाने कोण? ज्योतिषी! म्हणजे शेवटी पत्रिकाच. मग आमच्या गुरुजींनी काय घोडं मारलं होतं? ते दशमस्थान बघून नोकरीचं सांगतात, वर पेढ्यावर भागतं.

तरी भाच्याच्या समाधानासाठी मी माझी वर्तुळं भरली. आवडतं काय, तर लग्नात जेवणं. जमतं काय, तर चुका काढणं. पैसे मिळतात कर्जाच्या फायलींतल्या त्रुटी शोधण्याचे. सगळं जुळवल्यावर मध्ये आलं, 'लग्नाच्या जेवणात चुका काढणे'. "ते तर तू फुकट करतेस," हे पेपरामागून म्हणाले. जगाला काय हवं, ते वर्तुळ मग मी कोरंच ठेवलं.

"वसंतराव देशपांडे बघ," मी भाच्याला म्हटलं. "लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं आकडे मांडले आणि गाणंही असं गायले की आकडे कुणाच्या लक्षातही नाहीत. सावता माळ्याने विठ्ठलासाठी मळा सोडला नाही. नारायण सुर्व्यांनी गिरणीत काम केलं, शाळेत शिपाईगिरी केली आणि कविताही लिहिली."

"डॉक्टर लागूंनी सोडलीच ना प्रॅक्टिस?" तो चमकून म्हणाला. पोराचं वाचन आहे.

"सोडली. 1969 साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर नाही, ती ओलांडून. तोवर दिवसा लोकांचे कान-नाक-घसे तपासले आणि जमेल तसं नाटक केलं. त्यांचं नाटक आधी होतं, प्रॅक्टिस नंतर सुटली. तू आधी राजीनामा देणार आणि मग प्रयोजनासाठी 'पाहिजे'ची जाहिरात!"

तो गप्प बसला. मला दया आली. "अरे, सहाला सुटतोस ना? नोकरीला आठ तास दे, तिच्याकडून पगार घे. सहानंतर जे केल्याशिवाय राहवत नाही, ते बघ. तेच असेल कदाचित. काय करतोस सहानंतर?"

त्याने बराच वेळ ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली आणि सांगितलं, "आयुष्याचं प्रयोजन कसं शोधावं, त्याचे व्हिडिओ बघतो."