तोतयेगिरी : इयत्ता पहिली

प्रवेश घेण्याआधी एक गैरसमज काढून टाका. या विद्येला जीभ लागते असं लोक समजतात. लागतात ते कान. समोरच्याला काय खरं असायला हवंय ते नीट ऐकून घ्यायचं आणि दोन दिवसांनी तेच, जरा अडखळत, त्याला सांगायचं. अडखळणं विसरू नका. घडाघडा बोलणाऱ्यावर पुण्यात कुणी विश्वास ठेवत नाही.

आपले आद्यगुरू सुखनिधान. बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले, पण ते पुण्याला मानवत नव्हतं. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंना तर नाहीच. त्यांनी कुंकू पुसलं नाही. एवढी तयार जागा दिसल्यावर 'मीच तो भाऊ' म्हणायला कितीसा वेळ लागतो? गुरुजी पकडले गेले, रत्नागिरीला कैदेत पडले. पण १७७६ मध्ये तिथला मामलेदार रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्यांना बाहेर काढून भाऊसाहेब म्हणून उभं केलं. फौज जमली, कोकणातले किल्ले हाती आले, स्वारी बोरघाटापर्यंत भिडली. सगळेच काही भोळे नव्हते हो. नाना फडणिसांवर खार खाऊन असणाऱ्यांना भाऊ खरा नको होता, उपयोगी हवा होता. अशी माणसं हेरून ठेवा, ती तुमच्या वतीने शपथा घेतात.

दुसरा पाठ : दोन गिऱ्हाइकांची गाठ पडू देऊ नये. प्रत्येकाला म्हणावं, "हे फक्त तुलाच सांगतोय." माझ्या एका मित्राचा यात हातखंडा होता. राहायला सदाशिव पेठेत, म्हणजे त्याच भाऊंच्या नावाच्या पेठेत; योगायोग, दुसरं काय. आईचं ऑपरेशन म्हणून त्याने माझ्याकडून पैसे नेले. "घरी बोलू नकोस, तिला ओशाळवाणं होईल." मी आठ महिने त्या घराकडे फिरकलो नाही, निव्वळ सभ्यपणाने. मग दिवाळीच्या तोंडावर तुळशीबागेत काकू भेटल्या. धडधाकट. सोऱ्याच्या चकत्या उजेडात धरून चांदणी निरखत होत्या. मला पाहून त्यांचा चेहराच उतरला. "अरे, तू हिंडतोयस? ऑपरेशन झालं ना तुझं? मी पाटल्या मोडल्या रे, तुझ्यासाठी."

आता फसलेल्यांसाठी पुरवणी. पैशाचा हिशेब लवकर मिटतो, वहीत रेघ मारली की झालं. मागची वर्षं मात्र तपासायला निघतात. बाबा आजारी असताना हा माणूस रात्रभर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला होता. ते खरं होतं की तेव्हाच पेरणी चालली होती? रात्री दोनला हा प्रश्न सोडवायला घेऊ नये, सुटत नाही. भावाने सहज पाचशे मागितले तर मनात त्याची उलटतपासणी सुरू होते. ती निदान तोंडावर दिसू देऊ नये. चारचौघांत सांगून टाकावं. "मला तर आधीपासूनच शंका होती" म्हणणारे निघतील, त्यांना चहा पाजावा आणि 'मग तेव्हा कुठे होतात' असं विचारू नये.

गुरुजींचं पुढे काय झालं? महादजी शिंदे आणि भिवराव पानशांनी बंड मोडलं, आंग्र्यांनी गुरुजींना धरलं आणि १८ डिसेंबर १७७६ रोजी पुण्यात देहदंड झाला. तोतयाचा निकाल लागला, वाट पाहण्याचा नाही. १७८३ मध्ये गेल्या तोवर पार्वतीबाई सवाष्णच राहिल्या. त्यांना कुणी वेडं म्हटलं की मला राग येतो.

कारण तुळशीबागेत मी काय केलं? काकूंच्या हातात ती चांदणीची चकती तशीच होती. डोळे माझ्या पोटाकडे. खरं सांगितलं असतं, तर त्यांचा मुलगा तिथेच, त्या गर्दीत, गेला असता.

"टाके निघाले, काकू," मी म्हटलं. "आता बरा आहे."