दाजींचा आरसा

आमचे दाजी मूळचे रत्नागिरीचे, पेशाने दंतवैद्य, मुक्काम वेल्स. सोमवार ते शुक्रवार ते लोकांच्या तोंडात आरसा घालून बघतात. शनिवार-रविवार तसाच आरसा अळंबीच्या छत्रीखाली. (तो आरसा वेगळा असतो, असं ते सांगतात. मी दाढ त्यांना दाखवत नाही.)

'बिग ब्लू पिंकगिल' हे त्यांचं दैवत. छत्री वरून भरल्या आभाळासारखी निळी, खाली कल्ले. कोवळेपणी फिकट, बीजाणू पिकले की गुलाबी. "बाजारात बांगड्याचे कल्ले बघायचो ना, तसंच," दाजी म्हणतात. फक्त ही उचलून बघायची नाही, म्हणून आरसा.

या बाईसाहेबांना लागतं जुनं, आखूड, शेवाळलेलं गवत. नांगर नको, खत तर नकोच. मेंढ्या चरून गेल्या तर चालेल. एकदा खत पडलं की कित्येक वर्षं रुसवा. शेजाऱ्याने हिरवळीला खत घातलं तेव्हा दाजींनी महिनाभर त्याला गुड मॉर्निंग केलं नाही. स्वतःच्या अंगणात शेवाळ जोपासलंय. ताई त्यावर घसरली तर आधी शेवाळाची चौकशी झाली.

पुढे डीएनए तपासणीत या एका नावाखाली अनेक जाती नांदत असल्याचं निघालं. दुसरा कुणी खचला असता. दाजींनी पेढे आणले: आता सगळ्या पुन्हा शोधायच्या! ताईने कपाळाला हात लावला.

असलं गवत चर्चच्या जुन्या दफनभूमीत अजून टिकून असतं. ब्लॉक्सामी हे हिचं शास्त्रीय नाव ज्यांच्यावरून पडलं, ते अँड्र्यू ब्लॉक्समही पाद्रीच होते. तर ऑक्टोबरात दाजी मला घेऊन गेले आणि दोन थडग्यांच्या मध्ये पालथे पडले. आरसा हातात, नाक गवतात. तेवढ्यात फुलं घेऊन एक आजीबाई आल्या. ताजं दुःख दिसतंय, असं वाटून त्यांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे पुसले. दाजींनी मान न उचलता आभार मानले आणि डावा पाय जरा मागे घ्यायला सांगितलं.

परतताना मी "हिची भाजी होते का?" एवढंच विचारलं. घर येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

आता जागा कुठली, ते मला विचारू नका. दाजींनी जाताना मुद्दाम तीन गावांना वळसा घातला होता.